मुकादमाच्या डाव्या कानाबाबत पुरवणी जबाब

जबाब देणाराचे नाव व राहण्याचे ठिकाण पहिल्या जबाबात नोंदले आहे. त्यात बदल नाही. वय चौऱ्याहत्तर. व्यवसाय: छापखान्यात मुद्रितशोधक, आता सेवानिवृत्त.

मी समक्ष हजर राहून, कोणीही बोलावणे पाठविलेले नसताना, स्वतःहून सांगतो की, संग्रहालयातील फुटलेल्या शिल्पाबाबत मी गेल्या आठवड्यात याच ठाण्यात एक जबाब दिला आहे. त्यातील एकही वाक्य मी मागे घेत नाही, कारण त्यातील एकही वाक्य असत्य नाही. तरीही तो जबाब खोटा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हा दुसरा जबाब देत आहे.

आमच्या गावाचे संग्रहालय जुन्या धान्यगोदामाच्या इमारतीत आहे. तळमजल्यावर गावाच्या इतिहासाची दोन दालने आहेत. तेथे नांगर, वजनमापे, नावेची वल्ही, पुरानंतर गाळात सापडलेली घड्याळे व बंद पडलेल्या वीटभट्टीचे साचे मांडलेले आहेत. वरच्या मजल्यावर कलादालन असून तेथे या भागातील चित्रकारांची चित्रे लावलेली आहेत. मी व माझी पत्नी दर मंगळवारी सकाळी तेथे जातो, कारण त्या दिवशी शाळांच्या सहली नसतात. माझ्या पत्नीची दृष्टी काचबिंदूमुळे गेली आहे. आता तिला उजेड व अंधार एवढाच फरक कळतो. जिला दिसत नाही तिला घेऊन चित्रे पाहायला कशासाठी जाता, असे मला पहिल्या जबाबाच्या वेळी विचारण्यात आले होते. "सवय म्हणून," असे मी उत्तर दिले होते. ते अपुरे होते.

वरच्या दालनात मी चित्राचे वर्णन करतो व ती ऐकते. त्यावरून आमचे नेहमी वाजते. त्या मंगळवारीही वाजले. नदीच्या एका चित्रासमोर मी तिला सांगितले, की डावीकडे होडी आहे, होडीत तीन माणसे आहेत, पैकी दोघे वल्हवीत आहेत व तिसरा पाठमोरा बसला आहे.

"अहो, चित्र सांगा. शिरगणती नको," ती म्हणाली.

"जे आहे तेच सांगतो आहे."

"तिसरा पाठमोरा का बसलाय?"

"ते चित्रात दाखविलेले नाही."

"मग रुसला असेल. त्याला कुणी वल्हवायला दिलं नसेल."

चित्रात नाही ते चित्रावर लादू नये, असे मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "जन्मभर लोकांच्या चुका काढून तुमची नजर नुसती बारीक झालीय. एवढा मोठा रुसवा समोर आहे, तो दिसत नाही."

त्या चित्राची चौकट उजवीकडे किंचित कलली होती. मी ती बोटाने वर केली. ही माझी सवय आहे. वाकडी चौकट, तिरपी पाटी, टेबलाच्या कडेशी न जुळणारा चमचा मला पाहवत नाही. हात आपोआप पुढे होतो. दालनाचे पहारेकरी मागे उभे होते. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा असतो, त्यामुळे संग्रहालयात सर्व जण त्यांना किल्लेदार म्हणतात. या जबाबात मीही तसेच म्हणेन. ते म्हणाले, "सर, चित्र सरळच आहे. भिंत वाकडी आहे. तीही ढकलून बघता का जरा?" माझी पत्नी मोठ्याने हसली. वस्तूंना हात लावू नये, अशी पाटी त्याच भिंतीवर आहे. ती सरळ लावलेली आहे.

त्यानंतर आम्ही खाली आलो. तळमजल्याच्या आतील दालनात भाजलेल्या मातीची काही शिरे ओळीने चौथऱ्यांवर ठेवलेली आहेत. गावातील चित्रकलेच्या एका शिक्षकांनी फार वर्षांपूर्वी वीटभट्टीवरील माणसांना समोर बसवून ती घडविली व त्याच भट्टीत भाजून घेतली. शेवटच्या शिराखालील पाटीवर 'मुकादम, वीटभट्टी' एवढाच मजकूर आहे. ते मुकादम म्हणजे माझे सासरे. त्यांचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. होते ते पुरात ट्रंकेसकट गेले. कामावर असताना एकदा तापलेली वीट तडकली व तिच्या कपचीने त्यांच्या डाव्या कानाची कड तुटली होती. शिक्षकांनी तो कान तसाच, तुटक्या कडेसह घडविला होता. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसल्यावर तोल सांभाळण्यासाठी आपण हाच कान धरीत असू, असे माझी पत्नी सांगते. मी ते पाहिलेले नाही. पण तिचा हात शिल्पावर गेला की प्रथम त्या कानावर जातो, हे मी प्रत्येक मंगळवारी पाहिले आहे.

तिचा हात शिल्पावर जात असे, हीदेखील पहिल्या जबाबात नसलेली गोष्ट आहे. दालन रिकामे असले, की किल्लेदार दोरीचा आकडा काढून तिला आत घेत. "काकू, हात धुतलेत ना? नाहीतर बाबा ओरडतील," असे म्हणत. ती हात पुढे करून दाखवी. मग ते दाराशी जाऊन, कोणी येते का ते पाहत उभे राहत. हे नियमाविरुद्ध होते व मला ते ठाऊक होते. मी त्यांना कधी अडविले नाही. त्यांचे आभारही कधी मानले नाहीत. नियम मोडणाऱ्याचे आभार मानणे मला प्रशस्त वाटत नसे. त्याने मोडलेल्या नियमाचा लाभ घेणे मात्र प्रशस्त वाटत असे.

किल्लेदारांनी अगदी पहिल्या खेपेस मला बाजूला घेऊन सांगितले होते, "सर, ते नुसतं गजावर बसवलंय, बरं का. खाली पक्कं काही नाही. काकूंनी चाचपलं तर चालेल. हलवायचं मात्र नाही." हे मी ऐकले होते व मला कळले होते.

त्या मंगळवारी किल्लेदारांनी दोरी काढली व ते आमच्याकडे पाठ करून दाराशी उभे राहिले. माझ्या पत्नीने दोन्ही हातांनी चेहरा चाचपला. ती हळूच म्हणाली, "अहो, आज बाबांनी मान वळवलीय." मी पाहिले. शिल्प खरोखरच थोडे डावीकडे फिरले होते. बहुधा धूळ पुसताना फिरले असावे. ओळीतील बाकी सर्व चेहरे समोर पाहत होते. हा एकच खिडकीकडे पाहत होता. मी दोन्ही हातांनी ते शिर धरले व सरळ करू लागलो. माझ्या पत्नीचा उजवा हात त्या वेळी गालावर होता. मी शिल्पाला हात लावला आहे, हे मी तिला सांगितले नाही. शिल्प गजावर अडले, म्हणून मी ते थोडे उचलून फिरविले. ते तिरके झाले, माझ्या हातांतून निसटले व डाव्या बाजूवर फरशीवर पडले.

हे मी केले.

माझी पत्नी दोन्ही हात तसेच पुढे धरून उभी होती. तिने विचारले, "अहो, गेलं का? माझ्या हाताखालून गेलं. माझ्या हातून पडलं का?" त्यावर मी उत्तर दिले नाही.

किल्लेदार धावत आले. त्यांनी फरशीकडे पाहिले व नंतर माझ्या पत्नीच्या हातांकडे पाहिले. माझे हात मी तोवर मागे घेतले होते. ते तिला म्हणाले, "काकू, काही नाही झालं. जुनंच होतं ते, तडे होतेच त्याला. तुम्ही जरा इकडे व्हा, पायाला लागेल." मग त्यांनी खांद्यावरचे फडके काढून हातात घेतले. ते त्यांनी का घेतले, हे मला त्याच क्षणी कळले. एक तुकडा माझ्या बुटाशी आला होता. तो मी वाकून उचलला. कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून उचलला, हे खरे आहे. उचलल्यावर तो डावा कान असल्याचे पाहिले व कोटाच्या खिशात टाकला, हेही खरे आहे. गडबडीत द्यायचा राहिला असे लिहावे का, अशी विचारणा हवालदारांनी आता केली. तसे लिहू नये. तो दिला असता, तर कोणी दिला व तेव्हा तो कोठे होता, हे विचारले गेले असते.

संग्रहालयाच्या अभिरक्षक बाई जिन्यावरून खाली आल्या. किल्लेदार म्हणाले, "बाई, पुसताना फडकं अडकलं. माझीच चूक." बाईंनी मला विचारले, "तुम्ही इथेच होता का?" मी "होय" म्हणालो. त्यांनी पुढे विचारले नाही. मी पुढे सांगितले नाही. मी पत्नीचा दंड धरून तिला बाहेर नेले. बाहेर पडताना दालनाची दोरी मी आकड्यात परत अडकविली.

दुसऱ्या दिवशी तुकडे जुळविताना डावा कान नसल्याचे आढळले. काही महिन्यांपूर्वी खालच्याच दालनातून एका जुन्या मुद्रेचे ठसे चोरीला गेले होते व त्यांचा तपास लागला नव्हता. त्यामुळे शिल्प मुद्दाम पाडून तुकडा बाहेर विकला असावा, असा संशय घेऊन संस्थेने किल्लेदारांना निलंबित केले व येथे तक्रार दिली. त्या तक्रारीवरून माझा पहिला जबाब झाला. मला विचारण्यात आले, की शिल्प पडले तेव्हा त्याच्याजवळ कोण होते. मी सांगितले, "शिल्प फुटल्यावर पहारेकरी चौथऱ्याजवळ उभे होते व त्यांच्या हातात फडके होते." तुम्ही शिल्पाला हात लावलात का, असे मला कोणीही विचारले नाही. माझे केस पिकलेले आहेत व मी स्वच्छ कोट घालतो. हवालदारांनी 'शिल्प पडली' असे लिहिले होते. ते मी त्यांच्याकडून खोडून 'पडले' असे करून घेतले. मग संपूर्ण जबाब पुन्हा वाचला, दोन ठिकाणी स्वल्पविराम टाकले व सही केली.

शनिवारी मी किल्लेदारांच्या घरी गेलो. चौकशी करावी, एवढाच हेतू होता, असे मी स्वतःला सांगितले होते. ते दारातल्या पायरीवर बसून छत्रीची काडी बसवीत होते. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "बघा सर, घरात एवढी तोफ डागतात आणि बाहेर तोंडाला कुलूप. कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या, ते एक कुलूप तेवढं लावून ठेवलंय." किल्लेदार हसले नाहीत. त्यांनी मला आपल्या जागेवर पायरीवर बसविले व स्वतः उभे राहिले.

ते म्हणाले, "सर, काकूंचं नाव कुठे यायला नको हं. दिसत नाही त्या माणसाला, त्यात बापाचा चेहरा. त्यांना लागून राहील ते. फडक्याचं मी सांगितलंय, ते मी निभावतो. मोडलं म्हणून दंड करतील, ठीक आहे. पण चोर म्हणतात हो. पोरीच्या सासरपर्यंत गेलं ते."

मी म्हणालो, "तपासात खरे ते बाहेर येईल."

"कुठलं येतंय. संस्थेचे साहेब म्हणतात, कान आणून दे, मिटवून टाकू. कुठून आणू? कुंभाराकडून करून घेऊ का? कोपरान्‌कोपरा झाडला मी, सर. तुम्ही होता ना तिथे. तुम्हाला काय वाटतं, कुठे गेला असेल?"

मी तोच कोट घातला होता. कान त्याच खिशात होता. माझा हात खिशावर होता, बाहेरून. "काही सांगता येत नाही," असे मी म्हणालो. हे वाक्यही, नीट पाहिल्यास, असत्य नाही. त्यांच्या पत्नींनी चहा आणला. तो मी प्यालो. निघताना किल्लेदार मला रस्त्यापर्यंत सोडायला आले, कारण पायऱ्यांजवळचा दगड हलतो.

माझ्या घरातील परिस्थिती पुढीलप्रमाणे आहे. दृष्टी गेल्यापासून माझी पत्नी सारे घर हातांनी पाहत असे. डब्याच्या झाकणावर बोट टेकवून त्यात काय आहे ते ती सांगे. माझ्या सदऱ्याचे बटण तुटले असल्यास माझ्याआधी तिला कळे. भिंतीवर तळवा ठेवून "आज ऊन या बाजूला आलंय," असे म्हणे. त्या मंगळवारपासून ती कशालाही हात लावीत नाही. लावावाच लागला, तर आधी विचारते, "इथे फुटण्यासारखं काही आहे का?" पेला मला तिच्या हातात द्यावा लागतो व ती तो दोन्ही हातांनी धरते. एरवी तिचे हात शालीच्या आत असतात. थंडी वाजते का, असे मी तिला विचारले. ती नाही म्हणाली. त्याहून अधिक मी विचारले नाही.

काल संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, उद्या मला पोलिसांकडे न्या."

"कशासाठी?"

"त्या माणसाची नोकरी जाईल. फडकंबिडकं काही नव्हतं, तो दाराशी होता, मी आवाज ऐकला ना त्याच्या किल्ल्यांचा. मी सांगते, मला दिसत नाही, माझ्या हातून पडलं. मला काय फाशी देणारेत?" मग म्हणाली, "कानाचं तेवढं मला सांगता येणार नाही. तो कुणी नेला असेल हो? ज्याला माहीत नाही, त्याला ती नुसती खापरी. आणि ज्याला माहीत आहे, तो कसा नेईल?"

मी म्हणालो, "उद्या जाऊ."

त्याप्रमाणे आज सकाळी आम्ही दोघे येथे आलो. ती स्वतःचा जबाब देण्यासाठी आली आहे. तिने तो पाठ केला आहे. वाटेत तिने मला तो दोनदा म्हणून दाखविला व एखादा शब्द चुकतो का, असे विचारले. चुकत नाही, असे मी सांगितले. ठाण्यात आल्यावर तिला बाहेरच्या बाकावर बसवून, "आधी मी जातो," असे म्हणून मी आत आलो. ती अजून तेथेच आहे.

सदर शिल्पाचा डावा कान, भाजलेल्या मातीचा, कडेला जुना तुटका भाग असलेला, माझ्या रुमालात गुंडाळून मी या जबाबासोबत हजर करीत आहे. तो पंचांसमक्ष ताब्यात घ्यावा. शिल्प माझ्या हातून पडले व तुकडा मी नेला. किल्लेदारांचा यात दोष असेल तर एवढाच, की त्यांनी एका मुलीसाठी दोरी काढली. त्यांच्यावरील चोरीचा आळ दूर करावा व तसे संस्थेस लेखी कळवावे. माझ्यावर जी कारवाई योग्य असेल ती करावी. गेलेल्या ठशांविषयी मला काहीही माहिती नाही.

जबाब देणारास जबाब वाचून दाखविण्याची पद्धत आहे. मला वाचून दाखविण्याची आवश्यकता नाही. लिहिला जात असताना प्रत्येक ओळ मी पाहिली आहे. हा जबाब बाहेर बसलेल्या माझ्या पत्नीस, माझ्यादेखत, मोठ्याने वाचून दाखवावा. हे मी तिला घरी सांगू शकलो असतो. काल संध्याकाळी, तिने विचारले तेव्हा, सांगू शकलो असतो. मी सांगितले नाही, म्हणून ही विनंती करावी लागत आहे. शिल्प पडले तेव्हा तेथे माझ्याखेरीज तीच होती. मजकूर बरोबर आहे की नाही, हे तिने ठरवावे. तोवर मी सही करीत नाही.

वाचनानंतरची जोड: वरील मजकूर हवालदारांनी बाकाशेजारी उभे राहून मोठ्याने वाचला. मी समोर उभा होतो. माझ्या पत्नीने मध्ये कोठेही थांबविले नाही. वाचून झाल्यावर हवालदारांनी विचारले, "आजी, बरोबर आहे का सगळं?"

ती म्हणाली, "एक तेवढं चुकलंय. माझ्या हातून पडलं का, असं मी विचारलं. त्यावर यांनी उत्तर दिलं नाही, असं तुम्ही वाचलंत. दिलं होतं. 'तरी मी हळू म्हणत होतो,' असं म्हणाले होते."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले.

माझ्या पत्नीचे म्हणणे खरे आहे. मी तसे म्हणालो होतो. त्यापूर्वी मी एकदाही तिला 'हळू' असे म्हटले नव्हते.

ही दुरुस्ती समासात न लिहिता मजकुरात घ्यावी. ती घेतल्यावर हा जबाब पूर्ण व खरा आहे, असे तिने ऐकून सांगितले, व मी सही केली.